अर्धा इंच माया

सक्करदऱ्यात, औषधाच्या दुकानावरच्या खोलीत
दुपारी दोनचा वर्ग.
बाहेर शेहेचाळीस, आत एकच कूलर
आणि त्याच्या तोंडाशी बसायला रोजचं भांडण.
अकरा पोरं, आणि मी.
पहिल्या दिवशी एकानं विचारलं,
'काकू, ॲडमिशन मुलाची हाय का?'

शिकवते यशोधरा गजभिये, वय तेवीस.
फळ्यावर तिनं चौकोनात चौकोन काढला.
आत मजकूर, मग पॅडिंग, मग बॉर्डर,
आणि बॉर्डरच्या बाहेर सोडलेली जागा, मार्जिन.
मी वहीत लिहिलं: माया.
सव्वीस वर्षं ब्लाउज शिवतेय.
शिवणीच्या पलीकडे अर्धा इंच सोडायचा असतो
हे मला कुणी फळ्यावर काढून दाखवलं नव्हतं.

'आपल्या गावाचा रंग द्या पानाले,' म्हणताच
अकराच्या अकरा पडदे नारिंगी.
मला हवा होता रुबियाच्या शेडकार्डावरचा एकशे बारा,
गांधीबागेत एकाच दुकानात मिळतो तो,
ना मोरपंखी, ना शेवाळी.
पर्समधून चिंधी काढली, पडद्याला लावून धरली,
आणि सहा घरांचा तो आकडा
एकेक घर वर-खाली करत बसले
कूलरचं पाणी संपेपर्यंत.
जमला. जवळजवळ.
अस्तर तरी कधी शंभर टक्के जुळतं?

मग दुकानाचं नाव टाकलं, मोठ्या अक्षरांत:
मैथिली ब्लाउज सेंटर.
लेक सहा महिन्यांची होती तेव्हा पाटीवर चढलेलं नाव.
पानावर आलं ते डोक्याशिवाय.
मात्रा गेल्या, वेलांट्या गेल्या,
कुणी शिरोरेषेवरून कात्री फिरवल्यासारखं.
'ओळीची उंची वाढवा, काकू,' मागून प्रज्ञाशील,
'हे माप इंग्रजी अक्षरायचं हाय.
त्यायच्या डोक्यावर काई नसते.'
एक पॉइंट दोनचं एक पॉइंट आठ केलं.
दोन्ही मात्रा परत आल्या.

एकदा ओळीच्या टोकाला अर्धविराम राहिला
तर खालची ओळ मुकाट मेली.
तक्रार नाही, आवाज नाही.
दीड तास मी रंगाला दोष देत होते.

पोरं दर ओळीपुढे 'इम्पॉर्टंट' लावतात.
यशोधरा चिडते, 'असं नका करू न,
मंग कोनीच इम्पॉर्टंट राह्यत नाही.'
मला माझ्या सासरचं एक लग्न आठवतं.
ते जाऊ द्या.

गुरुवारी वारसा शिकलो.
आईच्या खोक्याला दिलेला रंग
लेकराच्या खोक्यात आपोआप उतरतो.
अक्षराचं वळणही उतरतं.
बॉर्डर उतरत नाही.
मार्जिन उतरत नाही.
'ते ज्याचं त्याले वेगळं द्यावं लागते,'
म्हणाली, आणि फळा पुसला.
माझी पेन्सिल तिथंच.
मैथिली माझ्यावर गेलीय, सगळेच म्हणतात,
तोच रंग, अक्षर तर हुबेहूब.
मी धरून चालले होते
की बाकीचंही आपोआप उतरलं असेल.

रात्री पान तिला पाठवलं, पुण्याला.
उत्तर आलं: 'आई, मस्त.
पण फोनवर उजवीकडून कापलं जातंय.'
मोजलं. तीनशे साठच्या पडद्यात
मी चारशेचं खोकं कोंबलं होतं.
छातीचं माप न घेता बाही बेतल्यासारखं.
रुंदी काढून टाकली, जेवढी जागा तेवढंच हो, म्हटलं.
आणि दोन्ही बाजूंनी, हातानं लिहून,
तिचं तिला मार्जिन दिलं.

पावणेबारा. परत पाठवलं.
दोन निळ्या खुणा.
पुढं काही नाही.
तोवर मी हेडाऊबाईंचा ब्लाउज उसवायला घेतला.
दोन वर्षांपूर्वीचा, आता एक इंच वाढवून हवाय.
वाढेल.
आत ठेवलेली आहे.