पाणी कुठवर आलं होतं

भिशीचे एक लाख, बांगड्या मोडून पस्तीस,
आणि शेठनी बोनस म्हणून नव्हे,
उचल म्हणून दिलेले तीस.
कापडी पिशवीत, वर कोथिंबिरीची जुडी.
हळदीच्या पेढीवर बावीस वर्षं जमाखर्च लिहिते मी,
आकडा कुठं खोटं बोलतो ते मला कळतं.
गाडीतलं मात्र काही कळत नाही,
म्हणून मिरजेचे दस्तगीर मिस्त्री सोबत.

माधवनगर रोडला भूपाल मगदूमांचं पटांगण.
ओळीनं गाड्या, काचेवर खडूनं लिहिलेले भाव.
"बसून बघा की ताई, बसायला पैसे पडत नाहीत."

पांढरी होती. चकाचक.
एकाच मालकाची, बँकेतल्या साहेबांची,
चाळीस हजारच पळालेली,
भाव तर माझ्या पिशवीचं माप घेऊन शिवल्यासारखा.
मिस्त्रींनी तेलात बोट बुडवून चोळून बघितलं,
टायरच्या खाचेत रुपया उभा केला,
म्हणाले, इंजिन बोलतंय नीट.

मी आत बसले.
मोगऱ्याचा वास. जरा जास्तच मोगरा.
शिकवणारी पोरगी सांगायची, आधी पट्टा, मग किल्ली.
मला अंदाज नाही, मी पट्टा ओढतच गेले,
आणि शेवटच्या वीतभर भागावर,
जिथवर कुणीच ओढत नाही,
करड्या गाळाची एक रेघ.

ही रेघ मी ओळखते.
आमच्या गावभागातल्या खोलीत
कपाटाच्या आतून आहे ती,
शिवणयंत्राच्या खणात आहे,
लग्नाच्या फोटोत बरोबर माझ्या हनुवटीखाली.
भिंतीला तीनदा रंग दिला,
तीनदा ती परत वर आली.

मिस्त्री तोंड उघडणार तेवढ्यात मीच विचारलं,
ज्या सुरात इथं माणसं एकमेकांचं बरंवाईट विचारतात:
"पाणी कुठवर आलं होतं?"

मगदूम आधी म्हणाले, छे ओ, कसलं पाणी.
मग खडूची बोटं पँटला पुसली.
मग म्हणाले, "स्टिअरिंगच्या वर चार बोटं.
तुमच्यात?"
"माळ्याच्या फळीपर्यंत."
"आमचा टीव्ही तरंगत शेजारच्यांच्यात गेलता."
तिघं हसलो. चहा आला.
विकणारा कोण, घेणारं कोण,
कपभर वेळ कुणाच्या ध्यानात नव्हतं.

मग ते मला मागच्या बाजूला घेऊन गेले.
निळी. म्हणजे एकेकाळची.
डावं दार चेपलेलं, टप उन्हानं विटलेलं.
"जत तालुका. माडग्याळकडच्या गुरांच्या डॉक्टरांची.
दीड लाख पळालीय, लपवत नाही.
पण ताई, पाणी म्हणून हिनं बघितलेलं नाही."

मिस्त्रींनी पायातलं मॅट उचललं: मुरमाड धूळ.
सीटखाली मेंढीची लोकर, इंजेक्शनचं एक झाकण.
मी पट्टा ओढला. ओढत गेले.
शेवटपर्यंत कोरडा.
एकाच जिल्ह्याची खातेवही,
तिकडं सगळं नावे, इकडं सगळं जमा,
आणि ताळा आजवर कुणाला लागला नाही.

एक अठ्ठेचाळीस म्हणाले.
तीन सोडा म्हटलं, दोन सोडले,
वर स्टेपनी बदलून दिली.
कोथिंबीर तिथंच विसरले.

घर उजवीकडं, तरी मी मुद्दाम सरळ नेली,
आयर्विन पुलापर्यंत.
एप्रिलची कृष्णा, खाली, बारीक,
आणि खांबावर फुटांचे आकडे,
मोकळेच, कितीतरी वरपर्यंत.
म्हटलं, बाई, हिला बघून ठेव.

वळायला इंडिकेटर द्यायला गेले
नि वायपरच सुरू झाला,
भर उन्हात, कोरड्या काचेवर, कर्रकर्र.
मागून हॉर्न. माझे हात घामेजले,
बंद होता होईना.

मिस्त्री शेजारी तंबाखू मळत होते.
म्हणाले, राहू द्या ओ,
शिकू दे तिला.