विषय क्रमांक सात

विषय क्रमांक सात : ग्रामीण रुग्णालय, पळसकुंड,
या इमारतीस माजी आमदारांचे नाव देणेबाबत.
सूचक हजर, अनुमोदक चहा प्यायला गेलेले.
ठराव लिहायला मी.

नावापाशी पेन अडलं.
उकंडा झिंगरू निखाडे.

उपसभापती म्हणाले, बाबू, दवाखान्याच्या कपाळावर उकंडा?
लोक विचारतील, कचरा इथंच टाकायचा का?
धाकट्या मुलानं पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं :
बाबांचं नाव उत्तमराव करावं, कुटुंबाची हरकत नाही.
कोणी म्हणालं, नुसतं ‘साहेब’ लिहा.
साहेब त्यांना कोणीच म्हणत नव्हतं.

एकदाच निवडून आले होते.
नंतर वीस वर्षं आमच्या ऑफिसच्या बाकावर,
धोतराचा सोगा मांडीखाली दाबून,
पिशवीत भाकर, जवसाची चटणी, अर्जांच्या झेरॉक्स.
बाबू, माही फाईल चालते का बसली?
बसली आहे म्हटलं की तेही बसत.

जुन्या कपाटात, एक कोपरा उंदरांनी नेलेली,
विधानसभेच्या कार्यवाहीची प्रत सापडली.
नागपूर, हिवाळी अधिवेशन, दुपारची बैठक.
श्री. निखाडे : अध्यक्ष महोदय, माहं नाव उकंडा.
पुढं कंसात : हशा.

माह्या आधी तिघं गेले, नाळ पडाच्या आत.
चौथ्याले मायनं उकंड्यावर ठेवलं,
का मरणाले किळस आली पाहिजे.
वेठाबाई दाईनं सुपात उचललं,
पायलीभर ज्वारी मोजून इकत घेतलं,
अन् मायच्या ओटीत उसना देला.
मी सहा खाटा मांगतो, अध्यक्ष महोदय,
अन् एक नर्स, जे रातभर गावात राहीन.
माह्यामांगं हे नाव ठेवाची
कोनावर पाळी नाई आली पाहिजे.

यानंतर कंस नाही.
खालच्या ओळीत दुसरे सदस्य,
कालव्याच्या अस्तरीकरणाचा प्रश्न.

मी जन्मनोंदीचं रजिस्टर उघडलं.
खाटा आल्या त्या सालापासून बोट खाली आणलं.
प्रमोद, संगीता, मंगेश, दुर्गा,
पुढं प्रणय, स्वराली, हल्ली हल्ली रेयांश.
उकंडा नाही.
चिंधू नाही, धोंडा नाही.

मग मलाच कळेना.
जे नाव ते गावातून मोडायला निघाले होते
ते मी फूटभर अक्षरांत
पुन्हा वेशीवर लावायचं का?
रात्री बायकोला विचारलं.
ती म्हणाली, झोपा आता, तुम्हाला काय ठराव लिहायचाय, कविता नाही.

तिसऱ्या सभेत बहुमतानं ठरलं : आद्याक्षरं.
स्व. उ. झिं. निखाडे स्मृती ग्रामीण रुग्णालय, पळसकुंड.
मंत्री आले नाहीत, धाकटा आला, नारळ दुसऱ्या फटक्यात फुटला.
ओपीडीच्या लायनीतल्या बायांनी
नंबर न सोडता टाळ्या वाजवल्या.

फलक गफ्फार पेंटरचा.
सगळी अक्षरं लाल,
आणि उ च्या पुढचं टिंब तेवढं काळंभोर, जरा मोठंच.
म्हटलं, हे काय केलं?
शिडीवरूनच म्हणाला, तीट हाये, बाबू.
राहू द्या.

बिलात त्यानं वीस अक्षरं लावली.
टिंबाचे पैसे धरले नाहीत.