पाणी कुठे मुरतं

बंब बाहेर अंगणात उभा केला
आणि अग्निशमन केंद्रात साठ खुर्च्या मांडल्या.
माणसं आली एकशेबारा.
इतिवृत्त मी लिहिते. एकोणीस वर्षं झाली.
तासाला अठरा डॉलर, कॉफी फुकट.

विषय क्रमांक चार: क्रोवेलांचं कुरण.
एकशेचाळीस जागा, तंबूंच्या आणि चाकांवरच्या घरांच्या,
एक तरणतलाव, एक दुकान,
आणि नकाशावर हिरव्या पेन्सिलीने काढलेली झाडं,
जी तिथे नाहीत.

कंपनीचा माणूस हॅलिफॅक्सहून आलेला,
पायात कोरे गमबूट, टाचेला अजून किमतीची चिठ्ठी.
म्हणाला, शांत असेल सगळं. कुटुंबांसाठी.
मी लिहिलं: शांत. कुटुंबांसाठी.

एलवुड कॉर्कम उठला, टोपी हातात घेऊन:
ओढ्यावरचा पूल एका गाडीचा.
दुधाचा टँकर समोर आला की मी मागे घेतो,
पाठीमागे न बघता घेतो, चाळीस वर्षांची सवय.
तुमचा माणूस अख्खं घर ओढत आणणार,
तो कुणासाठी मागे घेईल?

मर्ना लँगिल म्हणाली, ऑगस्टात माझा नळ
आधी खोकतो, मग पाणी देतो.

बंबाचा प्रमुख नुसता बोटं मोजत राहिला.
स्वयंसेवक अकरा. सगळ्यात तरुण बावन्नचा.
आणि रोज रात्री शेकोट्या एकशेचाळीस.

शाळेतला एक पोरगा कासवांवर कागद वाचून गेला:
ती खडीत अंडी घालतात, जून महिन्यात, नेमकी तिथेच.
टाळ्या पडल्या. कासवांना विरोध कोण करणार.

मग इंजिनियर. मातीची चाचणी झाली आहे म्हणाला,
खड्डा खणला, पाणी ओतलं,
पस्तीस मिनिटांत मुरलं. समाधानकारक.
मर्ना बसूनच म्हणाली, मुरलं, पण कुठे मुरलं?
हॉल हसला. इंजिनियरला हसू कळलं नाही,
त्याने पुन्हा आकडा सांगितला.

मागच्या रांगेत आयडेला क्रोवेल.
तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या,
आणि माणसं भिंतीला टेकून उभी.
ती उठली तेव्हा मी पेन बदलत होते.
मी विकलं, ती म्हणाली.
तीन उन्हाळे फाटकावर पाटी होती.
तुम्ही रोज वाचत जात होतात, मी स्वयंपाकघरातून बघायची.
किंमत एकाने तरी विचारली?
हॅरिस गेल्यावर दोन वर्षं गवत उभ्याउभ्या वाळलं.
एलवुड, तुझं यंत्र त्याच फाटकासमोरून जायचं.

बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. तिने चाळीस सेकंद घेतली.
उरलेली दोन मिनिटं वीस सेकंद
कुणीच मागितली नाहीत.
कॉफीचं यंत्र गुरगुरत होतं.
मला आठवलं, त्या पाटीवरचा फोन नंबर
मलाही पाठ होता.

निर्णय पुढच्या महिन्यावर गेला.
बाजूने एक, विरोधात चौऱ्याण्णव, बाकी गप्प:
मी गप्प बसलेल्यांत. लिहिणाऱ्याला मत नसतं
असा नियम आहे, आणि तो मला फार सोयीचा आहे.

खुर्च्या दुमडताना मागच्या रांगेत चष्मा सापडला.
पुलाच्या तोंडाशी आले तर समोर दिवे,
आयडेला, तोच चष्मा शोधायला परत निघालेली.
मी मागे घेतली गाडी. मला एलवुडसारखं जमत नाही,
एक चाक खड्ड्यात गेलं, चिखल काचेपर्यंत उडाला.
ती पूल ओलांडून शेजारी थांबली, काच खाली केली.
चष्मा दिला. तिने तो पदराला नाही,
कोटाच्या बाहीला पुसला, घातला,
आणि माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

म्हणाली, माझं वाक्य नीट लिहिलंस ना?

लिहिलं होतं: श्रीमती क्रोवेल यांनी मत मांडले.
घरी येऊन मी ते पान काढलं.