हिडकोरी, अज्जा

दोन नोव्हेंबर. बेळगावच्या स्टँडवर खानापूर गाडी
लागायच्या आधीच भरलेली.
माझ्या पिशवीत सहा मेणबत्त्या, झेंडूची माळ,
आणि नातालीन, तुला माती दिल्यावर लिहायला घेतलेली
ती दोनशे पानी वही,
प्रश्न क्रमांक एक ते एकोणचाळीस.
फादर लिगोरींनी चाळली होती, उभ्या उभ्याच,
आणि म्हणाले होते, "सर, चहा घेणार?"

खिडकीतून एक मूल आत आलं.
आलं म्हणजे, दिलं कुणीतरी.
खाली गर्दीत फक्त दोन हात, हिरव्या बांगड्या,
आणि आवाज : "हिडकोरी, अज्जा!"
धरलं. दुसरं काय करणार?
तीनेक वर्षांची पोर. नाकाला शेंबूड, एकाच पायात चप्पल,
मुठीत अर्धं खाल्लेलं खारं बिस्कीट.
घरच्या भिंतीकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं
आणि डोकं टेकलं.
पिरनवाडी यायच्या आत झोपली.

नाव विचारलं नाही. मी कानडी की मराठी,
देवळात जातो की नाही (दोन वर्षं गेलो नव्हतो),
माझे हात थरथरतात का,
काहीच नाही.
तिची आई मागे कुठेतरी दांड्याला लटकलेली,
बोचकं आणि कोंबडी सांभाळत.
तिनंही मान वळवून बघितलं नाही.

मच्छे गेलं.
मला पास्कू आठवला, सुतार सांतानचा,
चौथीचा धर्मशिक्षणाचा वर्ग, तोंडी परीक्षा.
"देव कुठे आहे?"
पुस्तकातलं उत्तर : सर्वत्र. दोन गुण.
पास्कू बराच वेळ अंगठ्यानं फरशी खरवडत राहिला.
मग म्हणाला, "माझ्या आईला ठाऊक हाय की, सर."
मी शून्य दिलं. लाल शाईनं, गोल, सुबक.
चाळीस वर्षं शिकवलं मी : बालकांसारखे व्हा.
आणि बालकांना नापास केलं.

तू हसली होतीस त्या रात्री.
बरोबरच तर सांगितलं पोरानं, म्हणालीस,
कंदील बारीक केलास, क्रूसाची खूण केलीस,
आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी झोपलीस.
तुझी ती झोप मला कधी जमली नाही.
मी तिला अडाणीपणा म्हणायचो, मनातल्या मनात.
एकदा मोठ्यानंही.

प्रभूनगरपाशी डावा हात बधिर झाला.
मुंग्या खांद्यापर्यंत.
हलवला असता तर ती जागी झाली असती.
पिशवी तिच्या पायाखाली; मेणबत्ती मोडल्याचा आवाज आला,
मग आणखी एक.
गणेबैलच्या वळणावर कापलेल्या भाताचे भारे, ऊन,
बांधावर एक बाई तांब्यानं पाणी पिताना.
आणि मला वाटलं, त्या मेलेल्या हातातच वाटलं,
इतकी वर्षं मी विचारत होतो, तो आहे का.
त्याचा हात दुखतो का,
हे कधी विचारलंच नाही.

खानापूर. आईनं पोर झोपेतच उचलली,
कानडीत काहीतरी म्हणाली, मला अर्धं कळलं.
उरलेली चप्पल पायात आहे ना, तेवढं बघितलं तिनं.
माझ्या सदऱ्यावर लाळेचा ओला डाग, बिस्किटाचा चुरा.

तर, नातालीन, मेणबत्त्या मोडक्या आहेत.
वाती शाबूत.
वही आणलीय, पण वाचून दाखवत नाही.
पास्कूचे दोन गुण आधी देतो.
मग बसतो थोडा वेळ इथंच,
हाताला मुंग्या आहेत अजून.