प्रयागबाई केंद्रे, दोन

बाजाराच्या दिवशी छातीचे एक्स-रे बावीस झाले.
डॉक्टर उदगीरला नसतात, पुण्यात बसतात;
मी इथून वर चढवतो, ते तिथून वाचतात.
एरवी चहा गार व्हायच्या आत रिपोर्ट येतो,
त्या दिवशी त्यांना सहापर्यंत सवड नव्हती.

अकराला प्रयागबाई केंद्रे, डोंगरशेळकीच्या.
डोरलं काढून पदराच्या टोकाला बांधलं.
"श्वास घ्या मावशी. रोखा."
स्क्रीनवर उजवीकडे, वरच्या बरगडीआड,
बोंडातून ओढलेल्या कापसाच्या चिमटीएवढं
पांढरं.
मी टेक्निशियन. मला वाचायची परवानगी नाही.
नाव टाकलं: प्रयागबाई केंद्रे छाती.

दोनला प्रयागबाई केंद्रे, वाढवण्याच्या.
खोकला नाही, ताप नाही,
मोतीबिंदू काढायच्या आधी लागतो म्हणून आल्या.
हात सवयीचा. तेच नाव, तीच छाती.
सर्व्हरनं हूं का चूं केलं नाही,
लेकरू थुंकी लावून पाटी पुसतं
तसं जुनं पुसून नवं ठेवलं.

सहाला रिपोर्ट आला: फुप्फुसं स्वच्छ.
डोंगरशेळकीच्या बाईंच्या मुलानं घडी करून
खिशात घातला, चपला शोधायला लागला.
"थांबा, हा तुमचा नाही."
"कामून? नाव तर मायचंच हाय की."

मशीनमध्ये मूळ प्रत होती, म्हणून निभावलं.
पुन्हा चढवताना बाई बाकावरून म्हणाल्या,
"आमच्या भावकीत तिघी प्रयागी.
येक नळावरली, येक मास्तरची, मी चिंचेखालची.
हाक आली की जिची तिला कळतीय.
तुमच्या त्या डबड्याला
कुनी सांगितलंच नसंल."

दुसरा रिपोर्ट साडेसातला आला.
तो मी पाकिटात घातला, बंद केलं,
मुलाला म्हणालो, उद्याच लातूर गाठा.

आता नावात गाव घालतो, तारीख,
तास, मिनिट, सेकंदसुद्धा.
डॉक्टर फोनवर चिडतात:
अहो, हे नाव आहे का मालगाडी?
चिडू देत.
शेवटचे ते दोन आकडे म्हणजे
मी "रोखा" म्हणालो ती वेळ,
आणि मशीन एकच आहे,
त्या सेकंदाला तिच्यासमोर
दुसरं कुणी श्वास धरून उभं नसतं.

"सोडा" म्हणायचं मात्र
आकडे टाकण्याच्या नादात
कधी कधी राहून जातं.