टक्

गुरुवारी भोसरीत लाइट नसते.
लेथ गप्प, प्रेस गप्प.
मी पिशवीत नमुने घालून
स्वारगेटला बस बदलून धनकवडीला जातो.

कालिंदीबाई दारातच सांगतात,
चप्पल भिंतीला लावा शेडगे, वाटेत नको,
मागच्या खेपेला तुमच्या चपलेनं
मला लोटांगण घालायला लावलं.
मी चप्पल भिंतीला लावतो.

पहिली निघते सुरी, तिच्यावर बोटांसाठी पत्र्याचं चिलखत.
त्या उलटसुलट करतात,
अंगठ्याने पात्याची पाठ ओळखतात,
एकच भेंडी चिरतात आणि खाली ठेवतात.
ह्याच्यात माझं बोट आंधळं होतं.
भेंडी कुठे संपली ते त्यालाच कळायचं,
नेमका तिथेच तुम्ही पत्रा लावलात.

वहीत लिहितो: पत्रा नको.

मग गॅसचं बटण. उठावाचे ठिपके, छान पिवळे.
पिवळे कुणासाठी?
मी ओशाळतो, त्या हसतात.
असू द्या, धाकटीला पिवळं तेवढं दिसतं,
कडेकडेने, पडद्याआडून दिसावं तसं.
पण ठिपके मोजेपर्यंत दूध थांबतं होय?
टक् वाजू द्या.
एक टक् मोठा, दोन टक् बारीक.

झाऱ्यात मी बाईचा आवाज बसवला होता, गोड,
तेल तापले आहे, तेल तापले आहे.
हिला आधी गप्प करा,
मोहरी काय म्हणते ते ऐकू येईना.

मी सांगून टाकलं,
वर्कशॉपमध्ये डोळ्यांना रुमाल बांधून
दोन कांदे चिरले मी परवा.
वाटलं होतं, कौतुक होईल.
म्हणाल्या, रुमालानं माणूस घाबरायला शिकतो.
न दिसण्याला चाळीस वर्षं लागतात,
आणि दोन वेळचा स्वयंपाक.

तळहातावर त्यांच्या एक तिरका वण आहे.
विचारलं, कोणत्या सुरीचा?
माझ्याच. जुन्याच.
भाचेसून आली होती, प्रेमळ पोर,
भांडी घासून सगळं नीट लावून गेली.
नीट म्हणजे तिच्या नीट.
सुरी चमच्यांत उभी, पातं वर.
मी आपली चहाचा चमचा घ्यायला गेले.
सुरी कापत नाही हो शेडगे,
हललेली जागा कापते.

नमुने परत देताना त्यांचा हात माझ्या हातावर आला
आणि थांबला.
हे बोट कुठे ठेवलंत?
प्रेसखाली, म्हटलं. सत्त्याण्णव साली, दिवसपाळीला,
दोन्ही डोळे उघडे होते.
त्या काही बोलल्या नाहीत.
पातेलं तोलून चहा टाकला,
कप पुढे सरकवला,
कान तुमच्या उजवीकडे आहे.

शुक्रवारी लाइट आली.
चिरायच्या पाटाला एका कडेला खाच पाडली, पात्याएवढीच.
सुरी आत सरकली की बाहेर फक्त मूठ,
आणि टक्.
दुसरीकडे कुठे ठेवायचं सुचूच नये
इतकी सोपी जागा,
भाचेसुनेलासुद्धा.
कड मऊ झाली का, ते तुटक्या बोटाच्या बुंध्याने पाहिलं.
तिथली कातडी अजून नवखी आहे,
तिला बारीकसारीक लवकर कळतं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी पाट मांडीवर घेतला,
खाचेतून बोट फिरवलं, सुरी आत, सुरी बाहेर,
टक्, टक्, टक्,
लहान मुलीसारखी चार-पाच वेळा.
मी वही मिटायच्या बेतात होतो.

चांगलं आहे, म्हणाल्या. फक्त खाच त्या बाजूला हवी.
मी डावखुरी आहे.
भेंडी चिरली तेव्हा
तुम्ही बघत होतात ना?