एकच झाड दोनदा

घेंटच्या बंदरात, तेरा नंबरच्या शेडमध्ये
सापेलीच्या फळ्या रचून ठेवल्यात.
लालसर, अजून दमट.
सकाळी दार उघडलं की देवदारासारखा वास येतो
आणि मी विसरते
की मला ह्यांची चौकशी करायची आहे.

प्रश्न कायद्यानेच लिहून दिलेत:
जात कोणती, लॅटिन नावासकट.
देश कोणता, रान कुठलं.
किती घनमीटर. विकलं कोणी, तोडायला हो म्हणालं कोण.
सगळ्यात खाली एक चौकट: धोका नगण्य आहे का?
तिथे माझी सही.
वाउटर्स म्हणतात, ग्रीट, फक्त सही.

कागद सगळे आहेत.
योकादुमाच्या कचेरीचा शिक्का, दुआलाच्या गोदीचा शिक्का,
एका पानावर तर दोन,
बेडकांसारखे एकमेकांवर बसलेले.
पण ओंडका क्रमांक चारशे सतरा
मार्चमध्ये पडला.
आणि ऑगस्टमध्ये पुन्हा पडला,
नऊ किलोमीटर पलीकडे, घेर थोडा कमी करून.

"टायपिंगची चूक," वाउटर्स म्हणाले.
असेलही. घाईत एकाचा सात होतो.
पण कुठेतरी पाणी मुरतंय,
आणि लाकडात मुरलेलं पाणी मला कळतं,
माझा बाप होड्या बांधायचा.

फोन लावला. तिकडे ओदिल म्बांगा,
मागे जनरेटरची घरघर.
म्हणाली, थांबा, एतिएनला पाठवते खुंट बघायला.
चार दिवसांनी फोटो आले.
मार्चचा खुंट: हातोड्याने ठोकलेला आकडा,
शेजारी मापासाठी एतिएनची एक चप्पल.
ऑगस्टच्या जागीही खुंट होता.
आकडा नव्हता.
एक बाई रिकामी टोपली घेऊन उभी होती.
खाली एतिएनने लिहिलेलं:
ह्या विचारतात, ह्या झाडावर दरवर्षी सुरवंट यायचे,
आम्ही गोळा करून भाजून खायचो,
आता ते कुठे येतील?

हा प्रश्न यादीत नाही.
मी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली.

सही केली नाही.
शंका फिटेपर्यंत माल विकता येत नाही, एवढं कलम स्पष्ट आहे.
शेडला कुलूप. वाउटर्स माझ्याशी
फक्त कॉफीच्या मशीनबद्दल बोलतात.
डर्नेचा सुतार दर मंगळवारी फोन करतो:
शाळेचं दार कधी?
पोरं अजून प्लायवूड सरकवून आत जातात.
त्याला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही.

चौकट कोरीच आहे.
समासात मात्र पेन्सिलने,
खोडता येईल असं,
एक शब्द लिहून ठेवलाय:
सुरवंट.